गॅरेजमधला बारक्या

प्रत्येक गॅरेजात एक बारक्या असतो. त्याचं शाळेतलं नाव मालकालाही आठवत नाही. गाडीखाली आडव्या झालेल्या मिस्त्रीचे नुसते पाय बाहेर दिसतात आणि आतून हुकूम सुटतो, "बारक्या, बारा-तेरा दे!" बारक्या घाबरून चौदा-पंधरा देतो, शिवी खातो, मग बारा-तेरा देतो. गाडी सुरू झाली की ती मिस्त्रीनं दुरुस्त केलेली असते. नाही झाली, तर बारक्यानं कुठंतरी हात लावलेला असतो.

असाच एक बारक्या अमेरिकेतल्या एका मध्यमवर्गीय उपनगरातल्या गॅरेजात २०१३ सालापासून राबतो आहे. पगार नाही, सुट्टी नाही आणि वयही वाढत नाही. तेव्हा १४ वर्षांचा होता, आजही १४चाच आहे. पिवळा टी-शर्ट, निळी पँट, पांढरे बूट, गोल डोकं, आणि आत्ताच कुणीतरी कानाखाली वाजवणार आहे अशा बेतानं वर उचललेले खांदे. त्याचं नाव मॉर्टी स्मिथ. 'रिक अँड मॉर्टी' या विनोदी विज्ञानकथांच्या कार्टून मालिकेच्या नावात तो 'अँड'च्या पलीकडे उभा आहे आणि गोष्टीतही त्याची जागा साधारण तीच.

कार्टून म्हटल्यावर घाईनं घरातल्या लहानांना समोर बसवू नये. ही मालिका २ डिसेंबर २०१३ला सुरू झाली ती 'अॅडल्ट स्विम'वर, म्हणजे कार्टून नेटवर्कच्या रात्रीच्या, मोठ्यांसाठी राखलेल्या वेळात. तिच्यातले आजोबा दारू पितात, वाक्याच्या मधोमध ढेकर देतात आणि नातवासमोर जे शब्द वापरतात ते या अंकात छापता येणार नाहीत.

आजोबा म्हणजे रिक सँचेझ, वय ७०, मॉर्टीच्या आईचे वडील. आपल्याकडे मुलं मे महिन्यात आजोळी जातात. मॉर्टीच्या बाबतीत आजोळच उठून घरी आलं आणि मुक्कामाला राहिलं. हा गृहस्थ मुलगी लहान असताना घर सोडून गेला आणि ती संसाराला लागल्यावर, कळवण्याची तसदी न घेता, परत उगवला. मुलगी बेथ घोड्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करते आणि माणसांच्या डॉक्टरांविषयी जरा हळवी आहे. जावई जेरी जाहिरात कंपनीत होता, पुढं तिथंही नाही. मॉर्टीची थोरली बहीण समर १७ वर्षांची असून तिचा जीव बहुतेक वेळ फोनमध्ये असतो. घरजावई हा प्रकार आपण ऐकून आहोत. स्मिथ कुटुंबानं जगाला घरसासरा दिला. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असा आपल्याकडे एक जुना दंडक होता. रिक तो कसोशीनं पाळतो. पाणी तो पीतच नाही.

या सासऱ्यानं जावयाचं गॅरेज ताब्यात घेतलं आणि तिथं उडती गाडी बांधली. त्याच्या खिशातल्या पिस्तुलातून गोळी सुटत नाही, भिंतीवर हिरवा गरगरता भोवरा उमटतो आणि त्यातून वाटेल त्या विश्वात जाता येतं. आपण विश्वातले सर्वांत हुशार आहोत असं रिक स्वतःच सांगतो. अशी माणसं प्रत्येक कुटुंबात एखाददुसरी असतात, पण इथं दुर्दैवानं ते खरं आहे. आणि एवढ्या हुशार माणसाला मदतनीस म्हणून मिळाला कोण? गणितात कच्चा, बोलताना अडखळणारा, वर्गातल्या जेसिकाकडे बघून घशाला कोरड पडणारा नातू.

या जोडीचं मूळ खानदान तसं प्रसिद्ध आहे. १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटात केस पिंजारलेल्या डॉक ब्राऊन या शास्त्रज्ञाच्या यंत्रातून शाळकरी मार्टी मॅकफ्लाय भूतकाळात जातो. बाकी सगळ्यांना त्या चित्रपटात कालयंत्र दिसलं. जस्टिन रॉयलंड या गृहस्थाला दिसली ती म्हातारा आणि पोरगं ही जोडी. २००६मध्ये त्यानं 'चॅनल १०१' या हौशी चित्रपटवाल्यांच्या अड्ड्यासाठी डॉक आणि 'म्हार्टी' यांची एक अत्यंत चावट चित्रफीत केली. तिचं कथानक सांगण्याची ही जागा नव्हे. अड्डा सुरू करणाऱ्यांपैकी एक डॅन हार्मन. पुढं वाहिनीनं हार्मनकडं मालिका मागितली तेव्हा त्यानं रॉयलंडला हाक मारली. डॉकचा रिक झाला, म्हार्टीचा मॉर्टी झाला आणि दोघांत आजोबा-नातवाचं नातं घातल्यामुळं सगळं एकदम घरगुती झालं. म्हणजे छळ तोच राहिला, पण आता त्याला संस्कार म्हणता येऊ लागलं.

या घरगुतीपणाचा मासला पहिल्याच भागात मिळतो. मध्यरात्री, नशेत झोकांड्या खात, रिक मॉर्टीला अंथरुणातून ओढून गाडीत घालतो. गाडीत न्यूट्रिनो बॉम्ब आहे. पृथ्वी साफ करायची आणि मॉर्टी-जेसिकाला घेऊन मानवजात नव्यानं सुरू करायची, असा बेत आहे. पोरगं गयावया करून तो थांबवतं. मग दुसऱ्या विश्वातल्या झाडांच्या बिया आणायला दोघं निघतात. उतारावरून चालण्याचे खास बूट रिक त्याला देतो, पण ते आधी चालू करावे लागतात हे सांगायचं राहून जातं. मॉर्टी थेट खाली, दोन्ही पाय मोडलेले. परतताना कस्टम्स. बिया लपवून न्यायच्या आहेत आणि त्या कुठं लपवायच्या, हे मुंबई विमानतळावर पकडलेल्या सोन्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. लपवण्याचं काम अर्थातच बारक्याकडं.

इकडं शाळेचे मुख्याध्यापक आईबापांना बोलावून सांगतात की आजोबा आल्यापासून दोन महिन्यांत चिरंजीव मिळून सात तास वर्गात होते. मग रिकला वृद्धाश्रमात पाठवायची भाषा सुरू होते. पण बियांच्या गुणानं मॉर्टी तेवढ्यापुरता हुशार होतो, पायचं वर्गमूळ घडाघडा सांगतो आणि आईबाप विरघळतात. ही गंमत अमेरिकेतच घडते असं नाही. मुलगा परीक्षेत चमकला की त्याची झोप, भूक आणि मोडलेले पाय ही किरकोळ बाब ठरते, हे कोटाला मुलं धाडणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना कळेल. तासाभरात गुण उतरतो आणि मॉर्टी गॅरेजच्या फरशीवर आचके देत पडतो. आजोबा शेजारी उभे राहून पुढच्या शंभर वर्षांच्या मोहिमांचा आराखडा मोठ्यानं सांगत असतात.

नायकाच्या अशा मदतनिसाला इंग्रजीत साइडकिक म्हणतात. या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. जोडीदार म्हटलं तर फार मानाचं होतं, शागीर्द म्हटलं तर शिकवणी आली, सांगकाम्या म्हटलं तर त्याला अक्कल नाही असं होतं, शेपूट म्हटलं तर ते निदान सुरक्षित जागी असतं. पूर्वीच्या साइडकिकांची कामं ठरलेली होती. १९४०मध्ये बॅटमनच्या गोष्टींत रॉबिन आला, कारण एकट्या बॅटमनला बोलायला कुणीतरी हवं होतं. वॉटसन होम्सला तेवढ्यासाठीच लागायचा. रिकला त्यासाठी माणूस लागत नाही. तो कुणी ऐको न ऐको, बोलतच असतो.

मग मॉर्टी कशाला? पहिल्या वर्षातच, एप्रिल २०१४मधल्या एका भागात, याचं शास्त्रीय उत्तर मिळालं आणि ते फार अपमानास्पद होतं. रिकच्या मेंदूतून निघणाऱ्या अतिहुशार लहरी शत्रूला टिपता येतात. शेजारी मॉर्टीच्या मंद लहरी असल्या की दोन्ही एकमेकींना खातात आणि रिक अदृश्य होतो. थोडक्यात, पोरगं म्हणजे आडोसा. त्याच भागात अगणित विश्वांतले अगणित रिक एकत्र राहतात ती वसाहत दिसते, तिचं नाव सिटाडेल. प्रत्येक रिकबरोबर आपापला मॉर्टी, शबनम लटकवावी तसा. तिथलं मंडळ आपल्या रिकला झाल्या मनस्तापाबद्दल एक कूपन देतं. त्यावर एक बदली मॉर्टी मोफत. आपल्याकडे जुना मिक्सर देऊन नवा न्यायची योजना असते, त्यातला जुना मिक्सर होणं कसं असतं, ते मॉर्टीच्या चेहऱ्यावर पाहावं.

एवढं सोसणाऱ्या पोरानं एकदा मजुरी मागितली. २७ जानेवारी २०१४चा भाग. शाळेत फ्लूच्या मोसमाचं नृत्यसंमेलन आहे आणि जेसिकानं आपल्याकडं बघावं म्हणून मॉर्टी आजोबांकडं वशीकरणाचं औषध मागतो. इतके दिवस तुमची कामं केली, आता माझं एक करा, एवढंच. रिक नाखुशीनं देतो. जेसिकाला फ्लू झालेला आहे, औषध फ्लूवर बसून हवेतून पसरतं आणि बघता बघता सगळं गाव, मग सगळं जग, मॉर्टीच्या प्रेमात पडतं. उतारा म्हणून रिक नाकतोड्यासारख्या प्रार्थनाकीटकाचं बीज मिसळतो. त्याचा परिणाम असा की आता लोकांना मॉर्टी प्रियही वाटतो आणि नंतर खावासाही वाटतो. उताऱ्यावरच्या उताऱ्यानं माणसांचे लिबलिबीत गोळे होतात. असली दृश्यं करणारे कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या नावावरून रिक त्यांना 'क्रोनेनबर्ग' म्हणतो. पृथ्वी संपली.

इथपर्यंत हे नेहमीचं कार्टून आहे. शेवटी आजोबा यंत्र काढतील, सगळं पूर्ववत होईल आणि पुढच्या आठवड्यात भेटू, अशा समजुतीत प्रेक्षक बसलेला असतो. त्याऐवजी दृश्य असं येतं: दुसरं एक विश्व. सगळं जागेवर आहे. गॅरेजात तिथला रिक यंत्र जोडतोय आणि तिथल्या मॉर्टीकडं स्क्रू-ड्रायव्हर मागतोय. पोरगं स्क्रू-ड्रायव्हर देतं. स्फोट होतो आणि दोघं जागच्या जागी मरतात. भिंतीवर हिरवा भोवरा उमटतो, त्यातून आपले रिक-मॉर्टी उतरतात. या दोघांना परसात पुरायचं आणि यांच्या जागी आपण राहायचं, एवढाच रिकचा उपाय. मॉर्टी स्वतःचंच प्रेत ओढत नेतो, स्वतःच्या हातानं खड्डा खणतो आणि मग घरात येऊन सोफ्यावर बसतो. तीच आई, तोच बाप, तीच बहीण. आणि तरी यातलं कुणीच त्याचं नाही. तो काहीच बोलत नाही. त्याचे डोळे तेवढे मोठे झालेले असतात.

खरं तर या क्षणी मालिका मॉर्टीची झाली. हार्मनची गोष्ट रचण्याची एक पद्धत पटकथावाल्यांत प्रसिद्ध आहे. आठ टप्प्यांचं एक वर्तुळ, त्यात नायक ओळखीच्या जगातून बाहेर पडतो, किंमत मोजून हवं ते मिळवतो आणि बदलून परत येतो. रिक बाहेर पडतो, परत येतो, पण किंमत त्याच्या खिशातून जात नाही. बदलणं वगैरे तर लांबच. ती उधारी मॉर्टीच्या नावावर लिहिली जाते. आजोबांचा पराक्रम केवढा, हे आपल्याला कळतं ते पोराच्या थरथरीवरून. ज्वर केवढा हे पाऱ्यावरून कळावं, तसं. रिकला ग्रह उडाल्याचं काही नाही. मॉर्टी "ओ जीझ" म्हणून अडखळतो, तेव्हा त्या ग्रहावर कुणीतरी राहत होतं हे आपल्या लक्षात येतं.

अडखळण्याचीही एक कथा आहे. मॉर्टीचा तो चिरका, मध्येच फुटणारा आवाज आणि रिकचा घोगरा, ढेकरमिश्रित आवाज हे दोन्ही रॉयलंडचेच. आजोबानं नातवाला झापायचं आणि नातवानं ततपप करायचं, हे सगळं एकाच गळ्यातून. आईबापांचा आवाज आपल्याच डोक्यात बसून आपल्याला झापतो असं मानसशास्त्रवाले सांगतात, त्याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं सापडणार नाही. जानेवारी २०२३मध्ये वाहिनीनं रॉयलंडशी संबंध तोडले. ऑक्टोबरात सातवं पर्व आलं तेव्हा रिकला इयान कार्डोनीचा आणि मॉर्टीला हॅरी बेल्डनचा आवाज मिळाला. रिकपेक्षा मॉर्टीचा आवाज बदलणं अधिक जोखमीचं असावं, कारण उर्मटपणाची नक्कल कुणीही करतो. खरं भ्यालेलं माणूस उभं करणं अवघड. बेल्डननं ते इतकं नीट केलं की पाठ करून ऐकलं तर फरक कळायला वेळ लागतो. जाता जाता आणखी एक: २०२१मध्ये वाहिनीनं हाडामांसाची माणसं घेऊन एक छोटी जाहिरात केली. मॉर्टी झाला होता जेडन मार्टेल, आणि रिक झाले होते क्रिस्टोफर लॉइड. म्हणजे खुद्द डॉक ब्राऊन. ज्याची टवाळी केली त्यालाच टवाळीत काम दिलं आणि त्यानं ते आनंदानं केलं.

मॉर्टीच्या भीतीचे प्रकार मोजायला बसलं तर वही पुरणार नाही, पण काही नमुने जपून ठेवावेत असे आहेत. एकदा तो बापच होतो. परग्रहावरच्या एका यंत्रबाईमुळं झालेलं हे लेकरू काही तासांत मिशा फुटण्याच्या वयाला येतं. त्यानं बाहेर जाऊन जग जिंकू नये म्हणून चौदा वर्षांचा बाप थाप मारतो की बाहेरची हवा विषारी आहे. मुलगा मोठा होऊन लेखक होतो. त्याच्या पहिल्या पुस्तकाचं नाव, 'माझा भयंकर बाप'. आईबापांनी काळजीपोटी केलेल्या गोष्टींचं पुढं साहित्य होतं, ही मराठी वाचकाला नवी खबर नाही.

दुसरा नमुना फळी बसवण्याचा. मॉर्टी भिंतीवर फळी ठोकताना लेव्हल लावून बघतोय. बुडबुडा मधोमध आला, झालं. रिकला हे बघवत नाही. ह्याला काय समतल म्हणतात? तो जमिनीचा एक तुकडा खरोखर, अणुमात्र फरक न ठेवता, समतल करून देतो. मॉर्टी त्यावर उभा राहतो आणि त्याला समाधी लागते. मग खाली उतरतो आणि किंचाळत सुटतो, कारण आता घर, रस्ता, जग, सगळंच त्याला तिरकं लागतं. ही आठवण त्याच्या डोक्यातून काढून बाटलीत भरावी लागते. आजोबांच्या तळघरात अशा बाटल्यांची फडताळंच्या फडताळं आहेत. काही पोरानं सोसवेना म्हणून काढायला लावलेल्या, आणि काही आजोबांची फजिती झालेल्या, ज्या आजोबांनी गुपचूप काढून घेतल्या. लोणच्याच्या बरण्यांसारखी ती मांडणी बघून एखाद्या आजीला हेवा वाटावा.

नोव्हेंबर २०१९मध्ये त्याच्या हाती एक स्फटिक लागतो. तो अंगाला लावला की आपण कसे मरणार हे दिसतं, आणि प्रत्येक पावलागणिक मरण बदलत जातं. एका मरणात म्हातारी जेसिका उशाशी बसून त्याच्यावर प्रेम असल्याचं सांगते आहे. झालं. मॉर्टी त्या एका मरणाच्या मागं लागतो. डावं पाऊल टाकलं तर दिसतं, उजवं टाकलं तर जातं, म्हणून शहर उलथंपालथं करत तो चालत राहतो. शेवटी कळतं की जेसिकाला मोठेपणी मरणासन्न, एकाकी म्हाताऱ्यांची सेवा करायची आहे. म्हणजे ते वाक्य तिच्या नोकरीचा भाग होतं. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात मुलांना वीस वर्षं पुढचं बघायला सांगणाऱ्यांनी हा भाग आधी पाहावा. पुढं, तेजाबाच्या पिंपाचा म्हणून ओळखला जाणारा २०२०चा भाग तर एमीचं पारितोषिक घेऊन गेला. त्यात त्याला चुका पुसण्याचं बटण मिळतं, तो खऱ्या प्रेमात पडतो, आणि टीव्हीचा रिमोट समजून त्याचा बाप ते बटण दाबतो. प्रेम पुसलं गेलं. घरात रिमोट कुणाच्या हाती असावा, हा प्रश्न किती गंभीर आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत आलेलं नाही.

एवढं भ्यायल्यावर कुणीही म्हणेल की पोरगं जरा धीट व्हायला हवं. मालिकेनं त्यावरही विचार केलेला आहे आणि त्याचं उत्तर गार करणारं आहे. अगणित मॉर्टींत एकच मॉर्टी असा निघाला की जो अडखळत नाही, घाम पुसत नाही, आवाज चढवत नाही. त्याच्या एका डोळ्यावर काळी पट्टी. पहिल्या पर्वात तो एका खुनी रिकला दुरून चालवत होता. दुरून चालवणं म्हणजे नेहमीची व्यवस्था उलटी करणं. सप्टेंबर २०१७च्या भागात सिटाडेलवर निवडणूक लागते, मॉर्टींचा उमेदवार उभा राहतो, बारक्यांचं राज्य येणार म्हणून गल्लीबोळात आशा उसळते आणि तो जिंकतो. मग हा उमेदवार तोच पट्टीवाला असल्याचं कळतं आणि विरोधकांची प्रेतं अवकाशात तरंगू लागतात. २०२१मध्ये तो रिक मंडळींचं मोठं बिंग फोडतो. बेथ आणि जेरी विश्वाविश्वांत एकत्र येत राहिले ते निव्वळ योगायोगानं नव्हे. मॉर्टींचा पुरवठा चालू राहावा म्हणून रिकांनीच ती लग्नं जुळवत नेली. गुरांच्या पैदाशीचा हिशेब. तो मॉर्टी सिटाडेल उद्ध्वस्त करून एकटाच निघून जातो. त्याचं म्हणणं खरं आहे, त्याचा राग रास्त आहे, आणि तरी त्याच्या घरी आपलं मूल खेळायला पाठवावं असं कुणाला वाटणार नाही. आपला मॉर्टी आणि तो, यांच्यात बुद्धीचा फरक असेलही. पण डोळ्यांना दिसणारा फरक एकच. आपला अजून घाबरतो.

घाबरण्याचा कळस मात्र १७ डिसेंबर २०२३ला झाला. 'डेनीज' या अमेरिकेतल्या खाणावळींच्या साखळीपैकी एका खाणावळीच्या स्वच्छतागृहात जमिनीला एक भोक आहे. त्यात उडी मारली की तुमची सगळ्यांत मोठी भीती समोर येते, आणि तिला तोंड दिलं तरच बाहेर पडता येतं. राक्षस, प्रेतं, तेजाब, मोडलेले पाय असं सगळं बघून झालेल्या मॉर्टीला तिथं काय भेटतं? तर आजोबांना आपली गरज नाही, ही भीती. भोकात तो रिकबरोबर उतरला असं त्यालाही वाटत असतं आणि आपल्यालाही. पण उडी त्यानं एकट्यानं मारलेली असते. तिथला रिकसुद्धा त्याच्याच भीतीनं घडवलेला. हे उमगल्यावर तो स्वतःचा स्वतः वर येतो, हात झटकतो, आत काय काय दिसलं ते आजोबांना सांगतो आणि बाहेर पडतो.

मागं स्वच्छतागृहात रिक एकटा उरतो. भोकात त्याची गेलेली बायको डायन भेटेल, हे त्याला आत्ताच कळलेलं असतं. तो काठावर थांबतो, खाली बघतो. मग उडी न मारता खिशातून मॉर्टीचा फोटो काढतो आणि भोकातून सुटून आलेल्यांचे फोटो ज्या भिंतीवर लावलेत, तिथं टाचणीनं लावून निघून जातो.